वाचकांचे प्रश्न : मोफत कायदेशीर मदतीच्या कामातील यश कसे मोजावे आणि गौरव कोणाचा करावा?

प्रश्न : आमची छोटी संस्था गोरगरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याचे काम करते. दोन वकील, एक कारकून, एक लेखापाल आणि गावोगावचे सात विधी स्वयंसेवक एवढाच आमचा परिवार आहे. येत्या ९ नोव्हेंबरला, राष्ट्रीय विधी सेवा दिनी, कार्यकर्त्यांचा गौरव करावा असे विश्वस्त मंडळात ठरले. वर्षभरात सर्वाधिक खटले जिंकणाऱ्यास ‘उत्कृष्ट वकील’ हा पुरस्कार द्यावा आणि न्याय मिळालेल्या दोन-तीन पक्षकारांना व्यासपीठावर बोलवावे, अशी सूचना आली आहे. वकीलबाईंनी स्वतःच असा पुरस्कार नको असे कळवले, आणि कारकून तेव्हापासून गप्प आहेत. आम्ही काय करावे?
– एक विश्वस्त, दापोली तालुका

उत्तर : वकीलबाईंनी पुरस्कार नाकारला याचा अर्थ त्यांना आपल्या कामाचे मोल माहीत आहे, असा मी घेतो, आणि कारकुनांच्या गप्प बसण्याचाही अर्थ तोच असावा. हा बेत आपण बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गौरव मात्र जरूर करावा, कारण या कामात कौतुकाचे दोन शब्द फार क्वचित वाट्याला येतात.

खटला कोण जिंकतो, हे आपल्याच कार्यालयातील एखाद्या वाटपाच्या दाव्याची फाइल उघडून पाहावे. कोकणातील सातबारावर तीस-चाळीस सहहिस्सेदारांची नावे असणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यांतले निम्मे मुंबईत, काही विरार-डोंबिवलीला, काहींचा पत्ता भावकीलाही ठाऊक नाही, आणि प्रत्येकाला नोटीस बजावल्याखेरीज दावा पुढे सरकत नाही. मधेच एखादा प्रतिवादी मयत झाला, तर त्याचे वारस ९० दिवसांत दाव्यात दाखल करावे लागतात. तसे न झाल्यास त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो, आणि मग विलंब माफीचा अर्ज, त्याची सुनावणी, त्यावरचा आदेश असे वर्ष निघून जाते. गावातल्या एखाद्या स्वयंसेवकाने बाराव्याला गेल्यावर ही बातमी कार्यालयात फोन करून कळवली, कारकुनाने त्याच दिवशी मृत्यूच्या दाखल्यासाठी आणि वारसांच्या पत्त्यांसाठी धावपळ केली, आणि वकिलाने मुदतीत अर्ज दिला, म्हणून पाच वर्षांनी निकाल लागला. निकालाच्या दिवशी न्यायालयात वकील उभा होता, एवढ्यावरून ते यश त्याच्या एकट्याच्या नावावर लिहिणे हे खोटे ठरेल, आणि ज्यांनी ते घडवले त्यांना ते खोटे असल्याचे पक्के माहीत असते.

जिंकलेल्या खटल्यांची संख्या मोजू लागल्यावर कामाची दिशाही बदलते, आणि मला त्याची अधिक भीती वाटते. वीटभट्टीवरून सोडवलेल्या कातकरी कुटुंबाचे वेठबिगारीचे प्रकरण कोण घेईल? त्यात मुक्तता प्रमाणपत्रापासून पुनर्वसनापर्यंत महसूल कार्यालयाच्या कितीतरी फेऱ्या असतात, आणि पुढच्या हंगामात तेच कुटुंब उचल घेऊन दुसऱ्या भट्टीवर गेलेले असण्याचा धोकाही असतो. वनहक्काचा दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो, त्याला किती काळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. संख्या हेच माप ठरले की सोपी, लवकर निकाली निघणारी प्रकरणे पुढे येतात. त्याहून वाईट म्हणजे, पोटगीसाठी आलेल्या बाईला लोकन्यायालयात तडजोड करून टाका असे सुचवण्याचा मोह होतो. लोकन्यायालयातील निवाड्यावर अपील नाही, त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तो मनापासून स्वीकारलेला असेल तर उत्तम, पण संस्थेच्या आकड्यासाठी गळी उतरवलेला असेल तर त्या बाईला मागे फिरण्याची वाट जवळजवळ उरत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवून घेणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांना मान्य नाही. निकालांच्या संख्येवर दिलेला पुरस्कार ही फी नव्हे, हे मला मान्य आहे, तरी त्या नियमामागचा विचार इथेही लागू पडतो.

मग यश कशाला म्हणावे? आदेश माणसाच्या हातात पोहोचला का, ही कसोटी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. पोटगीचा आदेश झाला ही अर्धीच गोष्ट आहे. वसुलीचा अर्ज देऊन पहिला हप्ता त्या बाईच्या खात्यात जमा झाला, तो दिवस नोंदवावा. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना म्हणून माणूस आणखी महिनाभर कोठडीत राहिला, तर मंजुरीच्या दिवसाला यश म्हणता येत नाही. वारसाचा फेरफार मंजूर होऊन सातबारावर बाईचे नाव चढले आणि तिने तो उतारा डोळ्यांनी पाहिला, तेव्हा ते काम झाले. या कसोटीमुळे वसुली, नकला, तलाठी कार्यालयातील फेऱ्या ही शेवटची, कंटाळवाणी आणि बहुधा कारकून व स्वयंसेवकांनीच केलेली कामे आपोआप अहवालात येतात.

ज्या वर्षी असे काहीच हाती लागले नाही, त्या वर्षाचे काय, असेही कोणी विचारील. आपल्याच भूमीतील उदाहरण पाहावे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मधला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सनातन्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला, आणि तो मुंबई उच्च न्यायालयात अखेर निकाली निघाला १९३७ मध्ये. मधल्या दहा वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षाचा अहवाल लिहिला असता, तर त्यात ‘जिंकलेले खटले’ या रकान्यात या लढ्याची नोंद आली नसती. म्हणून चालू प्रकरणांतील टिकून राहण्याचीही नोंद व्हावी: किती तारखांना आपण हजर राहिलो, कोणता साक्षीदार फुटू दिला नाही, कोणते कागद मिळवले.

पक्षकारांना व्यासपीठावर बोलावण्याविषयी मात्र मी आग्रहाने नको म्हणेन. मी पूर्वी अशाच एका संस्थेत काम करत होतो. आम्ही वार्षिक मेळाव्यात एका बाईंना साडीचोळी देऊन सत्कारासाठी उभे केले. त्या आनंदाने आल्या होत्या, आम्हीही आनंदात होतो. स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्र आले, आणि पुढच्या तारखेला विरुद्ध बाजूने ते कात्रण न्यायालयात दाखल करून संस्था या बाईंना पुढे करून दावे चालवते, असा आरोप केला. खटल्यावर त्याचा परिणाम झाला नाही, पण त्या बाईंना माहेरच्या गावात जे ऐकून घ्यावे लागले ते आम्ही भरून देऊ शकलो नाही. आम्ही त्यांना विचारले होते, हे खरे. परंतु ज्यांच्याकडून मोफत मदत मिळाली आहे त्यांना नाही म्हणणे किती कठीण असते, याचा विचार आम्ही केला नव्हता. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील पीडितेची किंवा कोणत्याही प्रकरणातील बालकाची ओळख उघड करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे. अहवालातही नाव, गाव, वय आणि आडनाव यांपैकी ओळख पटेल असे काही ठेवू नये. छोट्या वाडीत ‘विधवा, दोन मुली, मच्छीमार कुटुंब’ एवढ्या वर्णनावरूनही माणूस ओळखला जातो.

समारंभ छोटा ठेवावा आणि त्यात बाहेरचा पाहुणा नसला तरी चालेल. प्रत्येकाने आपल्या एका सहकाऱ्याच्या एका कामाविषयी पाच मिनिटे बोलावे, आणि ते काम तारीख-वार सांगावे. ‘मनमिळाऊ व कष्टाळू’ अशी विशेषणे सन्मानपत्रावर छापण्यापेक्षा ‘जुलैच्या पावसात एसटी बंद असताना दाभोळच्या तरीने खाडी पार करून मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज दाखल केला’ असे एक वाक्य त्यावर असू द्यावे. ते वाचून त्या माणसाच्या मुलांना आपले वडील काय काम करतात ते कळेल. लेखापालांना विसरू नये. आणि वकीलबाईंना पुरस्काराऐवजी उन्हाळी सुट्टीत सलग पंधरा दिवस कोणाचाही फोन न घेण्याची मुभा द्यावी, तोही गौरवच आहे.

प्रश्न : मी विधी स्वयंसेविका आहे. जुलै २०२१ च्या पुरानंतर मी कितीतरी कुटुंबांना पंचनाम्याच्या तक्रारींसाठी संस्थेकडे नेले. अहवालात वकिलांची नावे असतात, आम्ही मात्र ‘इतर सहकारी’. नाव यावे असे वाटणे चुकीचे आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुळीच चुकीचे नाही. आपत्तीग्रस्त व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, ही विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मधील कलम १२ ची तरतूद चिखलातून वाट काढत त्या घरांपर्यंत आपण पोहोचवली. ती माणसे वकिलाच्या पायरीपर्यंत आलीच नसती, तर वकिलाला लढायला प्रकरणच नव्हते. आपण संस्थेला लेखी विनंती करावी की स्वयंसेवकांची नावे त्यांच्या कामासह छापावीत. ज्या प्रकरणात नाव छापल्याने आपल्यालाच गावात त्रास होईल, तिथे ते टाळण्याचा अधिकार आपला राहील. कामाची रोजची टाचणवही ठेवत असाल तर त्यावरून अनुभवाचे प्रमाणपत्रही मागावे, कारण पुढे नोकरीसाठी शाल-श्रीफळापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. आणि मानधन व प्रवासखर्च थकला असेल तर तो आधी मागावा, संकोच करू नये.

प्रश्न : १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. आमच्या संस्थेने त्यासाठी ठराव आणि निवेदने पाठवली होती. हे आमचे यश म्हणून अहवालात लिहावे का?
– एक कार्यकर्ता, कुडाळ

उत्तर : लिहावे, पण आपला वाटा जेवढा तेवढाच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ ही मागणी लावून धरली होती, आणि त्यांतले अनेक ज्येष्ठ हा दिवस पाहायला राहिले नाहीत. ‘आमच्या प्रयत्नांमुळे’ असे न लिहिता, कोणत्या वर्षी कोणता ठराव केला, कोणी मसुदा लिहिला, कोण तो घेऊन गेले, हे नोंदवावे. त्यापुढे आणखी एक गोष्ट लिहिता आली तर मला ती अधिक मोलाची वाटेल: पूर्वी अपिलासाठी मुंबईला जाणे न परवडल्यामुळे खालच्या न्यायालयातच थांबलेल्या आपल्या पक्षकारांपैकी, मुदत शिल्लक असलेल्या किंवा विलंब माफीला सबळ कारण असलेल्या कोणाला आता कोल्हापूरला नेता येईल, याची यादी आपल्या कारकुनांकडे जुन्या फायलींत नक्की सापडेल.