उपसर्ग शिकायचेत? ‘बे’पासून सुरुवात करा

उपसर्ग म्हणजे शब्दाच्या आधी लागून त्याचा अर्थ बदलणारा भाग. संस्कृतातल्या बावीस उपसर्गांची यादी पाठ करत बसू नका, कंटाळा येईल. आधी एकच घ्या: ‘बे’. फारसीतून आलेला, अर्थ ‘शिवाय’, ‘नसलेला’. बेकायदा, बेइमान, बेवारस, बेहिशेबी. रोजच्या वर्तमानपत्रात डझनभर सापडतील.

नवे लोक बहुतेक इथे अडखळतात:

- ‘बे’ दिसला की तोडायचा. बेत, बेडूक, बेरीज यांत उपसर्ग नाही. बेचाळीसमधला ‘बे’ तर संस्कृत ‘द्वा’चा वंशज, म्हणजे दोन. ‘बे एके बे’ आठवा. ‘बे’ काढून उरलेल्या शब्दाला अर्थ हवा, आणि तो एकूण अर्थाशी जुळायलाही हवा.
- ‘बिन’ हे ‘बे’चंच रूप समजणं. ‘बिन’ आला संस्कृत ‘विना’वरून.
- फारसी उपसर्ग फक्त फारसी शब्दालाच लागतो असं धरून चालणं. ‘बेभान’मधलं ‘भान’ संस्कृतच आहे की!

सगळ्यात फसवा शब्द बेचिराख. शेवटी ‘राख’ ऐकू येते, म्हणून लोक जळून खाक झालेलं गाव डोळ्यांसमोर आणतात. तो खरा बे + चिराग. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवाही लागत नाही ते, म्हणजे ओसाड. महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला आजही बेचिराख म्हणतात, आग लागलेली असो वा नसो.

शंका आली की मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. शब्दापुढे कंसात इंग्रजी ‘पी’ (P) असेल तर फारसी, ‘एस’ (S) असेल तर संस्कृत. ‘ना’, ‘गैर’, ‘ला’ यांच्याकडे नंतर वळू.