लोअर आर्मचे बुश घरी बदलायचे असतील तर

ब्रेक मारला की पुढून 'धप्प' असा एकच आवाज येतो, स्टिअरिंग किंचित एका बाजूला जातं, आणि मेकॅनिकने दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) बदलायला सांगितलेत, असं तुम्ही लिहिलंय. त्याऐवजी नुसते बुश (आर्म सांगाड्याला जिथे बसतो तिथली, धातूच्या दोन नळ्यांमध्ये रबर असलेली जोडणी) घरी बदलता येतील का, हा तुमचा प्रश्न. येतील. मात्र सगळे घाबरतात ते जुना बुश काढायला, आणि काम फसतं ते शेवटचे बोल्ट आवळताना. म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

आधी बुशच गेलेत ना, हे बघून घ्या. ब्रेक लावला की चाक मागे रेटलं जातं आणि तो जोर बहुतेक गाड्यांत आर्मच्या मागच्या बुशवर येतो, त्यामुळे तुमचं लक्षण जुळतंय. हळू जाताना बारीक खडखड असेल तर मात्र स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणारा छोटा दुवा) आधी तपासा. तो बदलणं फारच सोपं काम आहे. गाडी जॅकने उचलून स्टँडवर (आधाराच्या लोखंडी तिवईवर) घेऊन आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्या खालच्या चौकटीला बसतो तिच्या) मध्ये पहार घालून हलवा. रबर आहे, थोडं हलणारच. रबर धातूपासून सुटलंय का, आरपार फाटलंय का, हे बघायचं. वरवरच्या बारीक भेगा दिसल्या म्हणून बुश गेला असं होत नाही. काही गाड्यांच्या मागच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. त्याभोवती तेलकट ओघळ दिसला तर तो संपला.

एक गोष्ट काम सुरू करण्यापूर्वीच बघा: स्प्रिंग कुठे टेकलीय? मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) असेल तर ती स्ट्रटवरच अडकलेली असते, आर्म काढायला धोका नाही. स्प्रिंग थेट लोअर आर्मवर बसली असेल तर आर्म सोडताच ती जोरात उसळते. तसं असेल तर हे काम घरी करू नका.

गाडी सपाट जमिनीवर उभी असतानाच चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचं. हा आकडा पुढे लागणार आहे. मग चाकाचे नट जागेवरच थोडे सैल करा, मागच्या चाकांना ओट (सरकू नयेत म्हणून अडसर) लावा, गाडी उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. बॉल जॉइंट (आर्मचं चाकाकडचं टोक जोडणारा गोळ्याचा सांधा) पुन्हा वापरायचा असेल तर तो स्क्रूच्या पुलरने सोडवा, फाट्यासारखं हत्यार ठोकून घातलं की त्याचं रबरी बूट फाटतं. आर्म सुटल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो.

आर्म हातात आला की जुना बुश कुठल्या दिशेला बसलाय याची खूण आर्मवर रंगाने करा. मागच्या बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, तो एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावा म्हणून. नव्वद अंश फिरवून बसवला तर बुश नवा असूनही गाडी विचित्र वागते. किती खोल बसलाय तेही मोजा.

रबर जाळून बुश काढणारे पुष्कळ आहेत. विषारी धूर होतो, आणि आर्म अॅल्युमिनियमचा असेल तर उष्णतेने तो कमकुवतही होतो. त्यापेक्षा रबरात ड्रिलने भोकं पाडून मधली नळी काढा, मग करवतीचं पातं आत घालून बाहेरची स्लीव्ह लांबीत चिरा. पातं आर्मच्या धातूला लागायच्या आत थांबा. उरलेला पापुद्रा छिन्नीने आतल्या बाजूला वाकवला की सगळी पकड सुटते. बोअर (आर्ममधलं बुशचं भोक) पॉलिश पेपरने साफ करा. नवा बुश आट्यांचा रॉड, जाड वॉशर आणि बुशच्या बाहेरच्या कडेएवढ्या मापाचा पाइपचा तुकडा यांनी ओढून बसवा. दाब बाहेरच्या स्लीव्हवरच हवा. मधल्या नळीवर दाब दिलात तर रबराची धातूवरची पकड बसवतानाच सुटते. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, साबणाचं पाणी पुरतं. यातलं काही जमत नसेल तर आर्म घेऊन प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये जा, त्यात कमीपणा नाही.

आता बोल्ट. या बुशमध्ये काहीच फिरत नाही. मधली नळी बोल्टने जखडलेली, बाहेरची आर्ममध्ये घट्ट, आणि आर्म वरखाली झाला की मधलं रबर पिळलं जातं. गाडी स्टँडवर असताना आर्म खाली लोंबकळतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला की गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. खड्ड्यात पीळ आणखी वाढतो आणि नवा बुश लवकरच फाटतो. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने लावा, बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक देऊन लिहून ठेवलेलं अंतर येईपर्यंत उचला, आणि मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळायचं ते ठरवून देणाऱ्या पान्याने) आवळा. जॅकने गाडी स्टँडवरून उचलली जात नाहीये ना, याकडे लक्ष ठेवा. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. टॉर्क दिल्यावर आणखी ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेले नट नवेच लावा. मागचा बुश उभ्या बोल्टवर असेल तर त्याला या पिळाचा त्रास कमी, पण मी तोही याच उंचीवर आवळतो.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, हेही विचारलंय. त्यांत नळी फिरते, त्यामुळे पिळाचा प्रश्न राहत नाही; पण त्यांच्यासोबतचं ग्रीस नीट लावलं नाही तर कुरकुर सुरू होते, आणि रस्त्याचे हादरे तसेही जास्त जाणवतात. रोजच्या गाडीला मी रबरच घालतो. बॉल जॉइंटही ढिला असेल आणि तो आर्ममध्येच बसवलेला असेल, तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे: बुश बसवलेला आख्खा आर्म घ्या. उंचीवर आवळायचा नियम त्यालाही लागू.

दोन्ही बाजू एकदमच करा आणि नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, कारण आर्म जागेवर आला की टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो. टायरची आतली कड आधीच खाल्ली गेली असेल तर त्यानंतरही गाडी थोडी ओढू शकते. पुढचे टायर आपसात बदलून बघा (ते एकाच दिशेने फिरायचे नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा.