धुराडं आढ्याच्या वर काढा, शेगडी बदलायचं नंतर बघू

कळंब्याच्या ताई, तुमचं थोडक्यात असं ना: लाकडाची पंख्याची शेगडी घेतली (आतला छोटा विजेचा पंखा जाळाला हवा देतो ती), उन्हाळ्यात झकास चालली, पावसाळा लागला तसा धूर सुरू झाला, मग पंखाच बंद पडला, दुकानदार म्हणतोय जळण ओलं, सासूबाईंना चुलीवरचीच भाकरी पायजे, आणि आता कुणीतरी सांगितलंय की धुराड्याची घ्या, अनुदान मिळतंय, तर फॉर्म भरू का. हे सगळं आमच्याकडं होऊन गेलंय, फक्त आमच्याकडं अनुदान आधी आलं आणि बाकीचं सगळं मागनं.

कुठली शेगडी केवढ्याला, कुठं मिळते हे आधीच्या उत्तरांत बाकीच्यांनी लिहिलंय, ते मी परत लिहीत नाही. आणि मी इंजिनिअर नाही, डॉक्टर तर नाहीच, कोल्हापुरात फुलेवाडीला परसात रोज चूल पेटवणारी बाई आहे, पटलं तर घ्या.

दुकानदार निम्मा खरा बोलतोय. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच असतं. लाकडाचा पाऊण भाग तरी आधी वायू होऊन सुटतो आणि मग पेटतो, आणि तो नीट पेटायला चुलीच्या पोटात सहाएकशे अंशांच्या वर ताप लागतो. ओलं जळण घातलं की सगळा जाळ आधी पाणी आटवण्यात जातो, पोट थंड पडतं आणि तो वायू तसाच तुमच्या डोळ्यात. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, ते वीस टक्क्यांच्या खाली आलं की मग जळणाला चव येते. वखारीतनं आषाढात आणलेलं लाकूड वरनं कोरडं दिसतं, त्याच्यावर जाऊ नका. दोन ढलप्या एकमेकीवर आपटून बघा, टणटण वाजल्या पायजेत, बद्द आवाज आला की ओलं. टोकाला बारीक चिरा हव्यात. आणि पेटल्यावर मागच्या टोकातनं चर्र करत पांढरा फेस आला तर ती मोळी सरळ बाजूला ठेवा, त्या दिवशी गॅस.

जळण फेब्रुवारी-मार्चला घ्यायचं, घेतल्या घेतल्या अंगठ्याएवढं बारीक फोडून घ्यायचं (अख्खा ओंडका वाळत नाही, त्याची साल वाळते), आणि मृग लागायच्या आत पत्र्याखाली, जमिनीपासनं वीतभर वर, बाजू मोकळ्या ठेवून रचायचं. ताडपत्रीत गच्च गुंडाळू नका, आत घाम येतो. बाभूळ, सुबाभूळ चांगलं. शेणी (गोवऱ्या) या शेगडीत घालूच नका, शेणीचा धूर लाकडापेक्षा जास्त आणि राखही ढीगभर, त्या होळीच्या वेळी स्मशानाला दान करतात तिकडं द्या, पुण्य लागेल. चिपाडं आणि पाचट फक्त पेटवायला. पेटवायला कॅरीबॅग, जुनं चप्पल, प्लायचे रंगीत तुकडे घालणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही, पण घालू नका.

आता पंखा. तो गेला तो बहुतेक शेगडी विझवायच्या पद्धतीमुळं. आपण भात झाला की बटण बंद करून मोकळे होतो. खाली निखारे लाल असतात, वारा थांबला की तो सगळा ताप खाली उतरतो आणि पंख्याचं प्लास्टिक वाकतं. निखारे काढून घ्या नाहीतर ते काळे पडेपर्यंत पंखा चालू ठेवा. आता बदलताना आधी अडॅप्टर तपासा, कधी कधी गेलेला तोच असतो. पंखाच गेला असेल तर खोलून त्याच्या पाठीवरचे व्होल्ट आणि माप बघा, कॉम्प्युटरच्या पंख्यासारखा साधा असला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जाईल. कंपनीचाच खास आकार असला तर अवघड. म्हणून मी म्हणते, पंख्याची शेगडी घेताना दुकानदाराला जाळ दाखव म्हणायचं नाही, सुटा पंखा आणि आतली जाळी आत्ता काउंटरवर ठेव म्हणायचं. ठेवली तर शेगडी घ्या.

पंख्याच्या शेगडीत तुकडे इंच-दीड इंचाचे लागतात, वरनं पेटवायची, आणि मधेच भसाभस भर टाकली की धूर येणारच, तो शेगडीचा दोष नाही. पण रोज एवढे बारीक तुकडे करायला घरात माणूस आहे का ते आधी बघा. आमच्याकडं नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं टाइप करायला बसले.

आमच्याकडं धुराड्याची चूल एका कार्यालयामार्फत आली. नाव लिहीत नाही, उगाच नसती भानगड, पण या भागातल्या बऱ्याच जणांना कळेल. चूल चांगली होती, आजही तीच आहे. बसवायला जो माणूस आला त्यानं पाइप भिंतीतनं आडवा बाहेर काढला आणि वळचणीखाली सोडून दिला. म्हणजे धूर बाहेर गेला, कौलाखाली अडला आणि रिपांच्या फटीतनं परत आत. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, आमची ती भिंतही पश्चिमेची, त्यामुळं वारा सुटला की चुलीच्या तोंडातनं धूर असा भपकन यायचा की आत्यांना (माझ्या सासूबाई, त्यांना दमा आहे) उठून बाहेर ओट्यावर बसवावं लागायचं, पावसात.

मी कार्यालयात गेले. तिथं सांगितलं, फोटो अपलोड झालाय, आमच्याकडं काम पूर्ण दिसतंय. म्हटलं फोटोत चूल दिसतीय, धुराडं कुठं दिसतंय? तर म्हणे ठेकेदाराला भेटा. ठेकेदार म्हणाला एस्टिमेटमध्ये पाइप तेवढाच धरलाय, वाढीव पाइप मंजूर करून आणा. परत कार्यालय, तर तिथले साहेब मीटिंगला. बरं, म्हटलं आमच्या खर्चानं वाढवतो. तर ते नको! पडताळणी व्हायच्या आत चुलीत फेरफार केला तर अनुदान परत भरावं लागेल म्हणे. पडताळणी कधी? सांगता येत नाही. म्हणजे धूर खायचा, पण पाइपला हात लावायचा नाही, आणि हे लेखी द्या म्हटलं तर लेखी द्यायलाही कुणी तयार नाही. अख्खा पावसाळा तसाच गेला, आत्यांची वाफ-औषधं आणि दवाखान्याचा खर्च अनुदानापेक्षा कितीतरी जास्त झाला. शेवटी मिस्टर म्हणाले बघू कोण परत मागतंय ते, आणि उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरला बोलावून पाइप वर घेतला. नंतर कधीतरी पडताळणीवाला आला, चहा प्याला, नवीन पाइपचाच फोटो काढला आणि लाभार्थी समाधानी असं लिहून गेला. बोला आता.

आणि हे काय आजचं नाही. १९८३-८४ ला केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो २००२ पर्यंत चालला. माझ्या माहेरी राधानगरी तालुक्यात त्यातलीच निर्धूर चूल होती. बसवली, धुराडं काजळीनं तुंबलं, ते साफ कसं करायचं हे कुणी सांगितलं नाही, आईनं धुराड्याचं भोक बोळा घालून बंद केलं आणि मातीची जुनी चूल परत पोतेरं देऊन चालू केली. २०१४ ला उन्नत चूल्हा अभियान आलं. चुली वाटायच्या, मोजायच्या. वाटल्यावर कुणी फिरकत नाही. असो, फार झालं.

तर धुराडं असं घ्या. चुलीपासनं शक्य तेवढं सरळ वर. वळण द्यायचंच झालं तर काटकोनात नको, तिरकं द्या. वरचं टोक आढ्याच्या वर दोन फूट तरी गेलं पायजे, शेजारचं घर उंच असेल तर तेही बघा, आणि वर टोपी, नाहीतर पाऊस थेट जाळावर. आमच्या फॅब्रिकेटरनं चार इंची पाइप घातला आणि तळाला टोपण असलेला तुकडा दिला, टोपण काढलं की काजळी खालच्या खाली पडते, घरात उडत नाही. हे टोपण मागून घ्याच. चुलीला लागून असलेला पहिला तुकडा जीआयचा (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) नको, जस्त जास्त तापलं की त्याचा धूर वाईट. पाइप छपरातनं जातो तिथं वासे-रिपांपासनं दीड फूट तरी लांब ठेवा, आणि जुना ॲस्बेस्टॉसचा पाइप घरात पडलेला असेल तर तो कापून वापरायच्या फंदात पडू नका, त्याची धूळ छातीत गेलेली चांगली नाही.

साफसफाई महिन्यातनं एकदा, पावसाळ्यात दोनदा. दोरीला काथ्याचा गोळा बांधून वरनं खाली ओढायचा. काजळी भुगा होऊन पडली तर जळण बरं आहे. डांबरासारखी चकचकीत चिकटून बसली असेल तर जळण ओलं आहे, आणि ती कधीतरी पेटते सुद्धा, धुराड्यात आतनं घोंघों आवाज येतो. तसं झालं तर चुलीचं तोंड बंद करा, पाणी ओतू नका. तापलेल्या चुलीवर पाणी कधीच नाही, आतली विटेची नळी तडकते. राख रोज सकाळी काढायची, पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या बादलीत नको कारण राखेखाली निखारा रात्रभर जिवंत असतो.

आणि चुलीचं तोंड लाकडानं गच्च भरू नका, निम्मं तोंड हवेसाठी मोकळं. रॉकेट पद्धतीच्या शेगडीत (पंखा नसलेली, खालच्या तोंडातनं लाकूड सारायची आणि आतल्या उभ्या नळीतनं जाळ वर येतो ती) लाकडाखाली एक पट्टी असते, हवा तिच्या खालनं जाते. बायका ती पट्टी काढून टाकतात कारण लाकूड जास्त बसतं, आणि मग शेगडीला नावं ठेवतात.

शेगडी घेताना लेबलवर काय बघायचं हे कुणीतरी विचारलंतं. भारतीय मानक आयएस १३१५२ बघा. त्यात पंखा नसलेल्या शेगडीची कार्यक्षमता किमान २५ टक्के, पंख्याच्या शेगडीची ३५ टक्के पायजे. धुराच्या कणांची मर्यादा भांड्यात गेलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागं पंख्याविना ३५० मिलिग्रॅम, पंख्याला १५०. म्हणजे कागदावर तुमची पंख्याची शेगडीच सरस. पण ते आकडे लॅबमधले, कोरडं मापात कापलेलं लाकूड घालून काढलेले, पंखा बंद पडल्यावर त्यातलं काही उरत नाही.

भाकरीबद्दल खरं सांगते, या शेगड्या भाकरीसाठी केलेल्याच नाहीत. जाळ मधोमध एकवटतो, भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या. बिडाचा जाड तवा घेतला तर थोडा फरक पडतो. आणि तव्यावरनं काढून आरावर (निखाऱ्यांवर) उभी करून फुगवायला पुढं जागाच नसते. आमच्याकडं तोड अशी निघाली की आमटी-भात शेगडीवर, भाकरी तव्यावर भाजून गॅसवर जाळी ठेवून फुगवायची. आत्या पहिल्यांदा नाक मुरडत होत्या, आता काही बोलत नाहीत (चव कळते त्यांना, फक्त बोलत नाहीत). सणावाराला, तांबड्या रश्श्याच्या दिवशी, परसात उघड्यावर मातीची चूल. उघड्यावर काय, धूर आभाळात.

तुम्ही लिहिलंय सासूबाईंना खोकला आहे. मग माझं मत कडक आहे, त्यांच्यासमोर लाकूड जाळूच नका, कितीही भारी शेगडी असली तरी. लाकडाची कुठलीही शेगडी गॅसच्या जवळपास जात नाही. सिलिंडर परवडत नाही हे मला कळतं, आमचंही तेच आहे, म्हणून तर निम्मा स्वयंपाक असा न् निम्मा तसा. खोकला महिनाभर हटत नसेल तर छातीच्या डॉक्टरला दाखवा, इथं विचारू नका.

बंबाचं राहिलंच. घरात बंब पेटवत असाल तर जळणाचे सगळे नियम त्यालाही लागू, शेगडी सुधारून बंबात ओली लाकडं घालण्यात अर्थ नाही. आणि थंडीत निखाऱ्याची शेगडी दार लावून खोलीत घेऊन बसू नका. कोळशाला धूर नसतो म्हणून लोक फसतात, विषारी वायू दिसतही नाही, वासही येत नाही. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाचं काम करणाऱ्या संस्थेला उसाच्या पाचटापासनं कोळसा करायच्या कामाबद्दल २००२ ला ॲश्डेन पुरस्कार (स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी इंग्लंडात देतात तो) मिळालाय, आपल्याकडं पाचट फडातच पेटवतात त्यापेक्षा ते कधीही चांगलं, पण तो कोळसाही उघड्यावर किंवा खिडकी-दार उघडं ठेवूनच.

आता फॉर्म. भरा, मिळतंय तर का सोडायचं. पण सही करायच्या आधी पाइप किती फूट आणि आढ्याच्या वर जाणार का हे फॉर्मवरच लिहून घ्या. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर धुराड्यातनं धूर वर जाताना बघितल्याशिवाय सही करू नका, बसवणारा गाडी चालू करून उभा राहिला तरी. आणि पाइप स्वतःच्या खर्चानं वाढवला तर चालेल का हे आधीच अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा. उत्तर येणार नाही, पण पोच असली की नंतर कुणी अनुदान परत मागायला येत नाही.

तोपर्यंत पंखा खोलून त्याच्या पाठीचा फोटो टाका, आकडे स्पष्ट दिसतील असा. आणि एक फोटो घराच्या छपराचा, पश्चिमेकडनं.