पाव : उच्चार एक, कुळे तीन

प्रश्न : खाण्याचा पाव पूर्वी पायांनी मळत असत म्हणून त्याला ते नाव पडले, असे आमच्याकडे सांगतात. माझ्या शिक्षक मित्राच्या मते मात्र लादीतला तो एक चतुर्थांश भाग, म्हणून पाव. यांतले खरे कोणते? आणि ‘देव नवसाला पावला’ यातला शब्द याच घरचा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही व्युत्पत्ती चुकीच्या आहेत. खाण्याचा पाव पोर्तुगीज भाषेतून आला. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’ म्हणत. इटालियनमध्ये त्याचे ‘पाने’ झाले, स्पॅनिशमध्ये ‘पान’. पोर्तुगीजांच्या तोंडी मधला ‘न’ गळून त्याचा केवळ अनुनासिक शिल्लक राहिला आणि ‘पांव’च्या जवळ जाणारा उच्चार रूढ झाला. 1510 साली गोवा आणि 1534 साली वसई त्यांच्या ताब्यात आली. बटाटा, चावी, पगार या शब्दांप्रमाणे हाही शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, तेही मुळात पोर्तुगीजच.

वजनामापातला पाव मात्र संस्कृत ‘पाद’पासून झाला. जनावराच्या चार पायांपैकी एक, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. याच शब्दाने मराठीला ‘पाय’ दिला आणि ‘पाव’ही दिला, ‘सपाद’चे सव्वा झाले, ‘पादोन’चे पाऊण, आणि रुपयाचा चौथा भाग असलेल्या चार आण्यांच्या नाण्याला पावली हे नाव मिळाले. म्हणजे पायाचा संबंध आहे तो पावशेराशी, भट्टीतल्या पावाशी नव्हे.

दोन शब्दांचे उच्चार मराठीत एक झाले, म्हणून त्यांचे मूळही एक, असे मानण्याआधी शेजारच्या भाषा तपासून पाहणे फार उपयोगी ठरते. गुजरातीत पाव किलोला ‘पा किलो’ म्हणतात, पण खाण्याच्या पावाला ‘पाउं’; पोर्तुगीजांचा अनुनासिक तिथे अजून कानाला लागतो. बंगालीत चौथा हिस्सा ‘पोआ’ आणि पाव ‘पाउरुटी’. पाव हा चतुर्थांशच असता, तर या दोन्ही भाषांनी त्याला ‘पा’ किंवा ‘पोआ’ म्हटले असते. शिवाय लादीत चारच पाव असतात असा कोणत्याही बेकरीचा दंडक नाही.

पोर्तुगीज जहाजे जिथे जिथे गेली तिथे हा शब्द उतरला. ते 1543 साली जपानला पोचले आणि पुढे 1639 साली त्यांना तिथून घालवून देण्यात आले, तरी जपानी माणूस आजही पावाला ‘पान’च म्हणतो. श्रीलंकेत सिंहली भाषेतही पावाला ‘पान्’ म्हणतात, तेव्हा कोलंबोत कुणी पान मागितले तर त्याच्या हाती विडा पडणार नाही. आपले विड्याचे पान संस्कृत ‘पर्ण’पासून आलेले, त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही.

पायांनी मळण्याची कथा हिंदीतल्या ‘पाँव’ या शब्दामुळे पसरली असावी, असे मला वाटते, कारण मराठीत आपण ‘पाय’ म्हणतो, ‘पाव’ नव्हे. ही कथा नुसती चुकीची नाही, ती अन्यायकारकही आहे. परक्या धर्माच्या, परक्या चालीच्या माणसाने भाजलेले अन्न म्हणून पावाकडे अनेक वर्षे संशयाने पाहिले गेले, आणि रात्र-रात्र भट्टीपुढे उभे राहून गावाची सकाळची न्याहारी तयार करणाऱ्या कारागिरांच्या माथी या कथेने अस्वच्छतेचा ठपका मारला. कृपया ती मुलांना सांगू नये.

‘देव पावला’ हे तिसरे कुळ. संस्कृत ‘प्राप्’ म्हणजे पोचणे, मिळणे. त्याचे प्राकृतात ‘पाव’ झाले आणि मराठीत ‘पावणे’. मरण पावणे, मान्यता पावणे हे प्रयोग त्यातलेच. पैसे पावल्याची खूण म्हणून दुकानदार देतो ती पावतीही याच धातूची, त्यामुळे पाव किलो पावाची पावती घेताना तुमच्या तोंडून ही तिन्ही कुळे एकामागून एक उच्चारली जातात.