लॅपटॉपचा माऊस आपोआप सरकतो, 'रॅट' शिरला असेल का? असल्यास काय करू?

माऊसचं आधी सांगतो. सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 'माऊस आपोआप हलतो' म्हणून जी मशिनं येतात, त्यांतल्या बहुतेकांत टचपॅडचा दोष निघतो, नाहीतर माऊस काचेच्या टेबलावर ठेवलेला असतो. रॅट म्हणजे लांब बसलेल्या चोराच्या हाती आपलं मशीन देणारा छुपा प्रोग्रॅम. रॅटवाल्याला तुमच्या डोळ्यांदेखत माऊस फिरवायची हौस नसते. तो आत आहे हे कळू नये यातच त्याची कमाई. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की गेल्या आठवड्यात व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक (पैसे न भरता चालणारी चोरटी आवृत्ती) टाकलं आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद केला. माऊसपेक्षा त्या एका ओळीची मला जास्त काळजी वाटली.

रॅटचं पूर्ण नाव रिमोट अ‍ॅक्सेस ट्रोजन. तो सहसा भिंत फोडून येत नाही, आपणच कडी काढून त्याला आत घेतो. क्रॅकसोबतच्या सूचनेत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असतं, म्हणजे राखणदाराला आपल्याच हाताने सुट्टी. दुसरी वाट ईमेलची: 'जीएसटी नोटीस', 'थकीत बिल', 'कुरिअर परत गेलं'. विंडोज फायलीच्या नावाचं शेवटचं शेपूट मुळातच लपवतं, त्यामुळे 'नोटीस.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल आपल्याला 'नोटीस.पीडीएफ' दिसते. इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फायलींतले मॅक्रो, म्हणजे फायलीत दडवलेल्या आज्ञा, मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये अडवायला सुरुवात केली, तर या मंडळींनी झिप आणि शॉर्टकटच्या फायली धरल्या. 2024 पासून आणखी एक प्रकार बोकाळलाय. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी खोटी खिडकी येते आणि सांगते: विंडोजचं बटण धरून आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या खिडकीने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तेवढ्यात आपणच चालवलेली असते. कुठलंही खरं कॅप्चा असं काही करायला सांगत नाही.

आत आल्यावर तो स्टार्टअप फोल्डर, रजिस्ट्री किंवा टास्क शेड्युलरमध्ये ठाण मांडतो, म्हणजे मशीन बंद-चालू केलं तरी हजर. मग तुमचाच लॅपटॉप आतून बाहेर त्याच्या सर्व्हरला फोन लावतो. राउटरचा फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला अडवतो, घरातून निघालेल्याला विचारत नाही. पुढे टाइप केलेलं अक्षर न् अक्षर, कॅमेरा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सगळं त्याच्या हाती. यासाठी मोठा हॅकर लागतो असंही नाही. ब्लॅकशेड्स नावाचा रॅट 40 डॉलरला विकत मिळायचा. 2014 मध्ये एफबीआयने तो मोडला तेव्हा पाच लाखांहून जास्त कॉम्प्युटर बाधित झालेले होते.

आता काय करायचं. सगळ्यात आधी वायफाय बंद, केबल असेल तर उपटा. नेट तुटलं की त्याचा हात तुटला. त्यानंतर लोक हमखास चुकतात. आमच्याकडच्या एका डीटीपीवाल्याचं जीमेल कोणीतरी उघडत होतं. बिचाऱ्याने एका दिवसात तीनदा पासवर्ड बदलला, तिन्ही वेळा त्याच मशीनवर बसून! प्रत्येक नवा पासवर्ड कीबोर्डवरून थेट चोराकडे. तेव्हा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदला. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्याच्या किल्ल्या तिथे येतात, मग बँक. आणि 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हे न विसरता करा. ब्राउझरच्या कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या फायली) चोरीला गेल्या असतील तर ओटीपीशिवायही खातं उघडतं.

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं, बाकी सगळं नंतर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुम्ही कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं, म्हणून वेळ घालवू नका. तक्रार करायची असेल तर मशीन फॉरमॅट करू नका. जुनी हार्ड डिस्क काढून तशीच बाजूला ठेवा आणि नवी टाका. दुकानदार 'दहा मिनिटांत फॉरमॅट मारून देतो' म्हणेल. पुरावाही त्या दहा मिनिटांतच जातो.

पैसे गेलेले नसतील तर विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन चालवून बघा. विंडोज सुरू व्हायच्या आधी तो चालतो, म्हणून रॅटला लपणं अवघड जातं. पण स्कॅनमध्ये काही सापडलं नाही म्हणून मी मशीन स्वच्छ समजत नाही. संशय पक्का असेल तर विंडोज नव्यानेच टाकतो, तेही दुसऱ्या चांगल्या मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून. तुमचे फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ घ्या, ईएक्सई आणि झिप मात्र एकही नको. ते क्रॅक पेनड्राइव्हवरून आणलं असेल, तर तोही फॉरमॅट करा. एनजेरॅटसारखे काही रॅट पेनड्राइव्हवरूनच पसरतात.

आणि नव्या विंडोजवर तेच क्रॅक पुन्हा टाकू नका हो. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती कंपनीच्याच साइटवर मिळते, लग्नाचे व्हिडिओ कापायला ती पुरून उरते.