इंडेक्स टाकल्यावर त्याच क्वेरीतून कमी ओळी येतात. चूक माझी की डेटाबेसची?

डेटा तोच, क्वेरी तीच आणि फक्त इंडेक्स टाकल्यावर ओळी गळत असतील, तर तुमची क्वेरी निर्दोष आहे. इंडेक्स म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची; त्याने वेग बदलावा, उत्तर बदलता कामा नये. आत कुठे क्रम न ठरवता (ऑर्डर बायशिवाय) ओळींची मर्यादा (लिमिट) घातली असेल तर गोष्ट वेगळी; कोणत्या ओळी घ्यायच्या हे तिथे ठरलेलंच नसतं.

मला पहिला संशय नलचा, म्हणजे किंमतच नसलेल्या रकान्याचा, येतो. एसक्यूलाइट या डेटाबेसमधला एक गाजलेला बग बघा. टेबलात एकच कॉलम, त्यात ०, १, २, ३ आणि एक नल. त्यावर फक्त नल नसलेल्या ओळींचा पार्शल इंडेक्स. आता 'इज नॉट १' अशी अट घाला. ०, २, ३ आणि नल अशा चार ओळी यायला हव्यात, पण नल गायब व्हायचा. 'इज नॉट १' म्हणजे नल नाहीच, असं ऑप्टिमायझरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) धरलं आणि अपुरा इंडेक्स वापरला. साध्या '<> १' ला हे लागू पडतं, 'इज नॉट'ला नाही. ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या मॅन्युएल रिगर आणि झेंडाँग सू यांनी तो शोधला. आता तो दुरुस्त झालाय.

दोष कुणाचा हे तपासायची युक्तीही त्यांचीच, आणि मला ती फार आवडते. व्हेअरमधली अट उचलून सिलेक्टमध्ये केस व्हेनमध्ये टाका: खरी तर १, नाहीतर ०, आणि बेरीज करा. व्हेअरच नसल्यामुळे ऑप्टिमायझरला ओळी गाळायला वाव राहत नाही, प्रत्येक ओळ वाचावीच लागते. ही बेरीज मूळ क्वेरीच्या ओळींशी ताडून बघा. मूळ क्वेरीला काउंट लावू नका, प्लॅन बदलू शकतो. आलेल्या ओळीच मोजा.

आकडे जुळले नाहीत तर आधी इंडेक्स नव्याने बांधा, कारण इंडेक्सच खराब असू शकतो. लिनक्सवर जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला, तेव्हा पोस्टग्रेस या डेटाबेसमधले मजकुराचे जुने इंडेक्स असेच बिघडले होते. नवा इंडेक्सही ओळी गाळत असेल तर बग डेटाबेसचाच. मग ताजी पॅच आवृत्ती टाकून बघा. तरीही तेच झालं तर टेबल चार-पाच ओळींवर आणा आणि दोन्ही एक्सप्लेन (इंडेक्ससह आणि इंडेक्सशिवाय डेटाबेसने आखलेला प्लॅन), आवृत्तीसकट, डेटाबेसवाल्यांना कळवा. तोवर प्रॉडक्शनमधून तो इंडेक्स काढाच. क्वेरी रेंगाळली तर लगेच लक्षात येतं. गळालेली ओळ कुठलीही एरर देत नाही.