गोड्या पाण्यातून रीफ टँककडे: पैसा कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

प्रश्न (एक वाचक, ठाणे): गेली अनेक वर्षे मी गोड्या पाण्यातले मासे पाळतो. सध्या तीन फुटी टाकीत पाणवनस्पती, टेट्रा आणि एंजल आहेत. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी दुसरी टाकी रिकामी पडून आहे. रीफ टँक (खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी) करण्याची फार इच्छा आहे, परंतु दुकानदाराने दिलेल्या यादीत चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), सम्प (खाली ठेवायची जोडटाकी), प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि महागडे दिवे पाहून धीर खचला. जुन्या सामानातले काय चालेल आणि यादीतले काय वगळता येईल?

उत्तर: आपली रिकामी टाकीच या कामाला घ्यावी. तिच्यात काठोकाठ सुमारे 127 लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता 100 लिटर हाती उरते, आणि खर्चाचा सगळा हिशेब याच आकड्यावरून सुरू होतो. समुद्राच्या पाण्याची क्षारता दर हजारी 35 असते. ती साधण्यासाठी बहुतेक रीफ सॉल्ट (रीफ टँकसाठी तयार मिळणारे मिठाचे मिश्रण) लिटरमागे 38 ग्रॅमच्या आसपास लागते, म्हणजे पहिल्या भरणीला पावणेचार-चार किलो. पुढे दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलल्यास वर्षाला साधारण 20 किलो. तीन फुटी टाकीत हाच खर्च दीडपट होतो. याउलट ‘नॅनो’ या नावाने विकली जाणारी एक फुटी टाकी स्वस्त दिसत असली तरी ती नवख्याने घेऊ नये. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहते. त्यामुळे 25 लिटर पाण्यातून एक लिटर उडाले की क्षारता 35 वरून थेट साडेछत्तीसवर जाते, तर आपल्या 100 लिटरच्या टाकीत ती जेमतेम 35.35 होते. उडालेल्या पाण्याची भरपाई रोज साध्या आरओ पाण्याने करावी, मिठाच्या पाण्याने कधीही नाही. गोड्या पाण्याच्या सवयीने ‘पातळी कमी झाली, तयार पाणी ओता’ असे करणाऱ्यांच्या टाकीतली क्षारता महिन्याभरात हाताबाहेर जाते.

हात आखडता घेऊ नये अशी पहिली गोष्ट पाणी, दुसरी मीठ आणि तिसरी मोजमाप. पालिकेच्या नळाचे पाणी क्लोरिन काढून टेट्रांना चालते. रीफमध्ये मात्र त्यातील फॉस्फेट, सिलिकेट आणि पाइपांमधून येणारे तांबे त्रास देतात. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ असेल तर नवे यंत्र घेण्याची गरज नाही. तंत्रज्ञाला सांगून मेम्ब्रेननंतर, परंतु टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज यांच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्यावी आणि तिला डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) छोटी नळकांडी जोडावी. टीडीएस मीटरवर आकडा शून्य ते पाचच्या आत आला म्हणजे पाणी कामाचे. पिण्यासाठी चव यावी म्हणून कंट्रोलरने मिसळलेले पाणी टाकीत घालू नये, कारण ते अर्धवट नळाचेच पाणी असते.

मोजमापासाठी काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर घेण्यापेक्षा साधा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून क्षारता दाखवणारे उपकरण) घ्यावा, मात्र त्याचे शून्य आरओ पाण्यावर लावून समाधान मानू नये. त्यासाठी लागणारे प्रमाण द्रावण घरी होते: आयोडीन नसलेले शुद्ध मीठ 36.5 ग्रॅम आणि आरओ पाणी 963.5 ग्रॅम, दोन्ही वजन करून, हातचे अंदाज न घेता. या द्रावणाचा थेंब काचेवर ठेवल्यावर सावलीची रेघ बरोबर 35 वर यायला हवी. येत नसेल तर वरचा बारीक स्क्रू फिरवून ती तिथे आणावी. विकतच्या प्रमाण द्रावणाची बाटली घेतली तरी हरकत नाही, पण ती संपल्यावर तपासणी थांबते आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

आता वगळण्याच्या गोष्टी. दोन लहान मासे आणि दर आठवड्याचा नेमाने पाणीबदल असेल, तर 100 लिटरला प्रोटीन स्किमर लागत नाही. सम्प सोयीचा असतो, आवश्यक नसतो. आपल्याकडे कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबाबंद फिल्टर) असल्यास तो चालेल, पण त्यातील सिरॅमिक रिंगा महिनोन्‌महिने न धुण्याची गोड्या पाण्यातली सवय सोडावी लागेल, कारण साचलेला गाळ इथे नायट्रेट वाढवतो. आत फक्त स्पंज आणि कार्बन ठेवून स्पंज दर आठवड्याला धुवावा. टाकीत पूर्वी तांबे असलेले औषध वापरले असेल, तर ती टाकी आणि तो फिल्टर दोन्ही या कामातून बाद समजावेत. तांब्याचा अंश सिलिकॉनमध्ये मुरून हळूहळू सुटत राहतो, आणि जे प्रमाण माशांना बरे करते तेच गोगलगायी व प्रवाळ यांना मारते. जुनी काळी वाळूही नको. दख्खनच्या बेसाल्टची ती वाळू पाण्याची अल्कलिनिटी (आम्लता रोखण्याची क्षमता) सावरायला मदत करत नाही. अॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू पातळ थरात पुरते.

नवा घ्यावा लागेल तो वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप. टेट्रांच्या टाकीत आपण प्रवाह मुद्दाम मंद ठेवतो. रीफमध्ये टाकीतल्या पाण्याच्या निदान वीसपट पाणी तासाला फिरले पाहिजे, म्हणजे आपल्याला तासाला 2000 लिटरचा, जेमतेम दहा वॉटचा वेव्हमेकर पुरेल. एरवीही खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 25 अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात. पाणवनस्पतींचा 6500 केल्व्हिनचा दिवा पहिल्या टप्प्यात चालवून घेता येईल, पण प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला 420 ते 460 नॅनोमीटरचा निळा प्रकाश हवा असतो, तेव्हा दिव्यासाठी पैसे साठवत राहावे. छंद सोडणाऱ्यांकडून जुना रीफ दिवा बऱ्याचदा निम्म्या किमतीत मिळतो. हीटर तेवढा जुना घेऊ नये.

मोठी बचत मात्र संयमात आहे, आणि ती पाणवनस्पती वाढवणाऱ्याला जड जाऊ नये. सायकलिंगला (टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणू वाढू देण्याला) चार ते सहा आठवडे द्यावेत. जुन्या टाकीतला स्पंज आणून हे काम उरकता येत नाही, कारण खाऱ्या पाण्यातील जीवाणू बहुतांशी निराळे असतात. शिवाय अमोनियाचे गणितही इथे कडक आहे: सामू (पीएच) 7 असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर रीफच्या 8.2 सामूला सहा टक्क्यांहून अधिक. तेव्हा ‘थोडा अमोनिया दिसतोय, पण मासे ठीक आहेत’ ही गोड्या पाण्यातली ढिलाई इथे चालत नाही. नंतरच्या दोन-तीन महिन्यांत दगडांवर आधी तपकिरी, मग हिरवे शेवाळ येईल. त्यावर बाटलीबंद औषधे घेऊ नयेत. खाणे कमी करावे, चार-पाच ट्रोकस गोगलगायी आणाव्यात आणि वाट पाहावी.

प्रश्न (एक वाचक, मालवण): समुद्र दाराशी असताना विकतचे मीठ कशाला? समुद्राचे पाणी, किनाऱ्यावरचे दगड आणि प्रवाळाचे तुकडे वापरले तर रीफ टँक जवळजवळ फुकट होणार नाही का? निदान मिठागरातले खडे मीठ तरी चालेल का?

उत्तर: खडे मीठ चालणार नाही, आणि त्याचे कारण मिठागरातच दिसते. पाणी आटताना आधी कॅल्शियमचे कार्बोनेट आणि जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात निघून जाते. आपल्या हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. प्रवाळांना मात्र लिटरमागे सुमारे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. वरून तेवढी रसायने मिसळत बसण्यापेक्षा तयार मिश्रण स्वस्त पडते.

समुद्राचे पाणी तत्त्वतः उत्तम, व्यवहारात बेभरवशाचे. पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी क्षारता कोसळते, बंदरांपाशी डिझेलचा तवंग असतो, आणि एरवीही आपला किनारा गढूळ. ज्यांना होडीने दूर, स्वच्छ पाण्यात जाता येते त्यांनी ते कोरड्या ऋतूत आणून, गाळून, काही दिवस अंधारात ठेवून, क्षारता मोजून वापरावे. किनाऱ्यावर बादली बुडवून आणलेले पाणी नको.

दगड आणि प्रवाळ यांबाबत मात्र मधला मार्ग नाही. सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. लाटेने वाहून आलेला मेलेला तुकडा उचलला तरी तो याच कक्षेत येतो, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. आपल्या मालवणचे सागरी अभयारण्य तर 1987 पासूनचे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही संरक्षण आहे, म्हणून दुकानात दिसल्या तरी घेऊ नयेत. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जे विकले जाते तो बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम दगड घ्यावेत. सिमेंटचे दगड घरी करायचे असल्यास ते काही आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात, नाहीतर सामू चढाच राहतो.

मग रीफमध्ये ठेवायचे काय? मश्रूम आणि झोअँथिड हे मऊ अंगाचे प्रवाळवर्गीय जीव, कठीण प्रवाळ नव्हेत; कमी प्रकाशात तगतात, कॅल्शियम फारसे खात नाहीत, आणि एका तुकड्याचे वर्षभरात दहा होतात. दुसऱ्या हौशी व्यक्तीने आपल्या टाकीत वाढवलेले तुकडे घ्यावेत, विकत घेतल्यास पावती जपून ठेवावी. झोअँथिड हाताळताना हातमोजे घालावेत. त्यांतील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते, आणि ते चिकटलेले दगड उकळल्याने किंवा ब्रशने घासल्याने माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याची उदाहरणे आहेत. मासे म्हणाल तर ऑसेलॅरिस क्लाउनफिशची संवर्धित जोडी घ्यावी; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र भारतात बसवले आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरलेले नाही. दोन्ही पिल्ले लहान घ्यावीत, कारण सगळी नर म्हणूनच वाढतात आणि त्यातले वरचढ पुढे मादी होते. अॅनिमोनची (समुद्रात क्लाउनफिश ज्याच्या आश्रयाने राहतात त्या फुलासारख्या प्राण्याची) त्यांना गरज नसते. तो फिरता फिरता वेव्हमेकरमध्ये अडकला तर एका रात्रीत सगळी टाकी नासते.

प्रश्न (एक वाचक, नागपूर): आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत चढतो आणि वीजही जाते. चिलरशिवाय रीफ टँक शक्य आहे का?

उत्तर: आपल्या कोरड्या हवेचा इथे फायदाच आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना 100 लिटर पाणी पाच-सहा अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता निघून जाते, अर्थात खोलीतली उष्णता त्याच वेळी परत शिरत असल्याने प्रत्यक्षातील घट दोन ते चार अंशांची धरावी. कोकणातील दमट हवेत ही युक्ती एवढी लागू पडत नाही. मे महिन्यात टाकीची खोली कूलरने 32 अंशांपर्यंत आणता येत असेल तर पंख्याने पाणी 28-29 वर राहील आणि मश्रूम, झोअँथिड ते सोसतील. पाणी बराच काळ 30 च्या वर राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात; 1998 साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडले होते. खोली 35 च्या वरच राहत असेल, तर चिलर घ्यावा किंवा हा छंद सोडावा. दोनशे वॉटचा चिलर रोज आठ तास चालला तर महिन्याला 48 युनिट खातो, तेव्हा ते बिल आधीच अंदाजपत्रकात धरावे. कूलर लावताना त्याचा झोत थेट टाकीवर येऊ देऊ नये, कारण कूलरच्या टाकीत घातलेले डासनाशक किंवा सुगंधी द्रव्य थेंबांतून पाण्यात उतरते.

वीज गेल्यावर सर्वांत आधी संपतो तो प्राणवायू. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्यावा. तेवढे नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप दोन सेलसह टाकीजवळच टांगून ठेवावा आणि वीज नसताना माशांना खाणे देऊ नये.